घड्याळ मोडीत काढण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत जगातील मौल्यवान रत्नजडित घड्याळांवर पानभर सचित्र लेख प्रसिद्ध झाला. छायाचित्रे सुरेख होती, मजकूरही रंजक होता. परंतु त्यात दोन गोष्टी अशा आल्या आहेत, की त्या तशाच राहू दिल्या तर वाचकांचे नुकसान होईल, आणि ‘नुकसान’ हा शब्द मी अगदी रोकड्या अर्थाने वापरत आहे. जुन्या घड्याळांच्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे छापलेले असते, त्याचा अर्थ आत सतरा मौल्यवान रत्ने आहेत असा लेखकाने लावला आहे, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की प्रत्येक घड्याळाची थोरवी त्यावरच्या हिऱ्यांचे कॅरेट आणि त्याची कोटींतली किंमत एवढ्यावरच मोजली आहे. माझे वडील नागपूरच्या महाल भागात घड्याळदुरुस्तीचे छोटेसे दुकान चालवत. मी स्वतः आयुष्यभर बँकेत नोकरी केली, पण शाळा सुटल्यानंतरचा माझा बराचसा वेळ त्या दुकानाच्या फळीवर बसून गेला. त्या अधिकारावर, किंवा त्या सवयीवर म्हणा, हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला जाणीव आहे. कात्री लावायची झालीच तर शेवटचा परिच्छेद तेवढा राखावा, ही विनंती.

आधी ज्वेलचे पाहू. एचएमटीचा घड्याळाचा कारखाना जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे जावयाला, नोकरी लागलेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या साहेबाला द्यायची वस्तू म्हणजे एचएमटी, असे समीकरणच होऊन बसले. त्या तबकडीवरची ‘१७ ज्वेल्स’ ही अक्षरे वाचून वडिलांच्या दुकानात येणारी बरीच गिऱ्हाइके एकच शंका काढत: दुरुस्तीला ठेवले तर आतले हिरे बदलले जाणार नाहीत ना? वडील वाद घालत नसत. डोळ्यावरचे भिंग काढून ते गिऱ्हाइकाच्या हातात देत, मागचे झाकण उघडत आणि चिमट्याच्या टोकाने दाखवत. खसखशीच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके दिसत, प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक छिद्र आणि त्या छिद्रात चाकाच्या आसाचे केसासारखे बारीक टोक. तो गुलाबी ठिपका म्हणजे माणिक. गिऱ्हाईक भिंगातून बराच वेळ पाहत राही आणि मग जरा हिरमुसून घड्याळ ठेवून जाई.

माणिक तिथे शोभेसाठी नसते. चाकाचा आस पोलादाचा असतो आणि तो पितळेच्या छिद्रात फिरवला, तर तेल सुकले किंवा धुळीचा कण अडकला की छिद्र झिजून लांबट होते, चाक कलते आणि घड्याळ मागे पडू लागते. माणिक कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. त्याला आरशासारखी झिलई देता येते आणि त्याच्या पाठीवर कोरलेल्या इवल्याशा वाटीत तेलाचा थेंब वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. सतराचा हिशेबही सरळ आहे. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झोके घेऊन घड्याळाची लय राखणारे चाक, त्याच्या आसाला दोन्ही टोकांना मिळून चार, बॅलन्सला धक्का घेणारे एक, त्याला धक्का देणाऱ्या पॅलेट नावाच्या छोट्या भागाच्या दोन दातांना दोन आणि त्याच्या आसाला दोन, असे झाले नऊ. उरलेली आठ चार चाकांना प्रत्येकी दोन. एचएमटी ‘जनता’चा बॅलन्स सेकंदाला पाच टोले घेतो, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. एवढी ये-जा रोज सोसून ती घड्याळे चाळीस चाळीस वर्षे चालली, याचे बरेचसे श्रेय त्या सतरा ठिपक्यांना आहे.

माणकाला असे छिद्र पाडण्याची युक्ती लंडनमध्ये १७०४ साली पेटंट झाली. ती मूळ जिनिव्हाच्या निकोलस फातिओ या गणितज्ञाची. त्याच्याबरोबर दबोफ्र नावाचे दोन फ्रेंच घड्याळजी भागीदार होते. तेव्हा आणि पुढे जवळपास दोनशे वर्षे हे माणिक खाणीतले असे आणि हिऱ्याच्या भुकटीने ते भोकावे लागे. १९०२ साली फ्रान्समध्ये ओग्युस्त व्हर्नई याने अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी ज्वाळेतून खाली सोडून माणकाचा कांडा वाढवण्याची रीत जाहीर केली आणि त्यानंतर घड्याळातले माणिक कारखान्यात तयार होऊ लागले. घटक तेच, कठीणपणा तोच, किंमत मात्र नाममात्र. तेव्हा सतराच्या सतरा ज्वेल काढून इतवारीच्या सराफ्यात नेले, तरी चहाचे पैसे सुटणार नाहीत. आपला लेख वाचून कुणी चालू घड्याळ फोडले नसेल, अशी आशा आहे.

गंमत अशी, की यंत्रात खरा हिरा बसवण्याचीही एक परंपरा होती, फक्त तो तबकडीवर नसे. एक जुने इंग्रजी खिशातले घड्याळ वडिलांच्या हाताखालून गेले होते, चांदीच्या डब्याचे. त्याच्या बॅलन्सवर झाकणासारखी एक पितळी, सोनेरी मुलाम्याची जाळी होती. वेली आणि पाने असे तिचे नक्षीकाम, सगळे करवतीने कापून मग छिन्नीने उठवलेले. आणि तिच्या बरोबर मध्यावर, बॅलन्सच्या आसाचे टोक जिथे टेकते तिथे, छोटासा हिरा. अठराव्या शतकातल्या चांगल्या इंग्रजी घड्याळांत ही रीत सर्रास आढळते. मालकाने मागचे झाकण उघडल्याखेरीज त्याला ते काही दिसणार नव्हते, आणि बहुतेक मालक ते कधी उघडत नसत. घरात कुणी पाहत नसलेल्या देव्हाऱ्याच्या मागच्या फळीवरही सुताराने वेल कोरावी, तसा हा प्रकार.

आता बाहेरच्या रत्नांकडे वळतो. घड्याळ आणि दागिना यांचे लग्न लागले त्याला घड्याळाचे अवगुण कारणीभूत आहेत. सोळाव्या शतकात न्युरेंबर्गच्या पीटर हेनलाइनसारख्या कारागिरांनी अंगावर बाळगता येण्याजोगी घड्याळे केली, तेव्हा त्यांना एकच काटा असे, तासाचा; आणि दिवसाकाठी पाव-अर्धा तास इकडेतिकडे होणे ही काही तक्रारीची बाब नव्हती. वेळ पाहायला सूर्य आणि चर्चची घंटा होतीच. क्रिस्तियान हॉयगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६७५ साली बॅलन्सला केसासारखी गुंडाळीची स्प्रिंग लावली आणि त्यानंतरच मिनिटकाटा रुळला. तोवर घड्याळ गळ्यात घालायचे ते मिरवण्यासाठी, त्यामुळे सोनाराचा हात त्यावर आधी पडला आणि घड्याळजीचा नंतर स्थिरावला, असे म्हणायला हरकत नाही. जिनिव्हात तर हे कायद्यानेच घडले. सोळाव्या शतकाच्या मध्यास धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या कडक धर्मशासनाने दागिने घालण्यावर बंदी आणली. सोनार आणि मीनाकार रिकामे झाले. घड्याळ मात्र उपयोगाची वस्तू म्हणून बंदीतून सुटले. आणि फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेल्या प्रोटेस्टंट घड्याळजींच्या यंत्रांना या सोनारांनी डबे करायला घेतले. १६०१ साली तिथे घड्याळजींचा स्वतंत्र संघही उभा राहिला. स्वित्झर्लंडच्या घड्याळ-उद्योगाच्या मुळाशी दागिन्यांवरची बंदी आहे, ही गोष्ट मला आजही मजेची वाटते.

त्या काळच्या धाडसाचा एकच नमुना सांगतो. लंडनच्या चीपसाइड भागात १९१२ साली जुनी इमारत पाडताना तळघराच्या जमिनीखाली सुमारे पाचशे दागिने सापडले. सतराव्या शतकात कुणा सोनाराने पुरून ठेवलेले. त्यांत एक घड्याळ आहे, इसवी सन १६००च्या सुमाराचे, ज्याचा डबा म्हणजे एक अख्खा षट्कोनी पाचू आहे. पाचू कोलंबियाचा. तो आतून पोखरून त्यात यंत्र बसवले आहे आणि वरचे झाकणही पाचूचेच, इतके पारदर्शक की त्यातून खालची तबकडी दिसते. पाचू हा मुळात ठिसूळ खडा. त्यात नैसर्गिक भेगा असतात आणि आपल्याकडचे जडावकामाचे कारागीरही तो बसवताना हात आखडता घेतात. तो पोखरताना शेवटच्या दिवशी तडकला असता तर? यंत्र आता गंजले आहे. वेळ ते केव्हाच सांगेनासे झाले, पण पाहणारा त्याच्यापुढून हलत नाही. लेखात या घड्याळाला जागा मिळाली नाही, बहुधा त्याला किमतीची चिठ्ठी लावता येत नाही म्हणून.

पण मला विचाराल, तर घड्याळावरच्या कलेचा खरा मान खड्यांपेक्षा मीनाकामाला द्यावा लागेल. फ्रान्समधल्या शातोदँ गावच्या झाँ तुतँ या सोनाराने १६३०च्या सुमारास सोन्यावर पांढऱ्या मीन्याचा थर भाजून त्यावर रंगांनी चित्र काढण्याची रीत बसवली. ब्ल्वा शहरात ती वाढली आणि पुढे जिनिव्हाने ती आपलीशी केली. मीना म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, काचेची भुकटी. तिच्यात कोबाल्ट मिसळले की निळा, तांबे मिसळले की हिरवा. ती ओली करून बारीक कुंचल्याने लावायची, वाळवायची आणि सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत मिनिट-दीड मिनिट धरायची. काच वितळते, पसरते, चकाकते. मग पुढचा रंग, पुन्हा भट्टी. चांगल्या चित्राला असे दहा-पंधरा वेळा भाजावे लागते, आणि ज्या रंगाला आच जास्त सोसते तो आधी, नाजूक रंग शेवटी, हा क्रम चुकून चालत नाही. थंड होताना सोने एका गतीने आकसते आणि काच दुसऱ्या. त्यामुळे पत्रा वाकू नये म्हणून जी बाजू कधीच कुणाला दिसणार नाही तिलाही मीन्याचा थर द्यावा लागतो. एवढे करून शेवटच्या भट्टीत एक बुडबुडा आला, की महिन्याभराचे काम वाया. दुरुस्ती नाही, पुसून पुन्हा लिहिणे नाही.

जयपूरचा मीना ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातले निम्मे ओळखीचे वाटेल. तिथे सोन्यात खळगे कोरून त्यांत रंग भरतात आणि लाल रंग शेवटी भाजतात, कारण तोच सर्वांत लहरी. युरोपी घड्याळकारांनी हीच रीत वापरलीच, शिवाय सोन्याच्या तारांची घरे करून त्यांत रंग भरले; पण त्यांची खास युक्ती वेगळी. आधी सोन्याच्या पत्र्यावर एका विशिष्ट यंत्राने लाटांसारख्या एकसारख्या बारीक रेघा कोरायच्या आणि त्यांवर पारदर्शक मीना भाजायचा. घड्याळ हातात जरासे फिरवले, की निळ्या काचेखाली त्या रेघा पाण्यासारख्या हलतात. पैठणीचा पदर उन्हात धरल्यावर रंग फिरतो ना, तसे. कितीही चांगल्या छपाईच्या छायाचित्रात हे उतरत नाही, ही त्या पुरवणीची चूक नव्हे. चीनच्या बाजारासाठी तर ही घड्याळे जोडीने बनत, कारण तिथे भेटवस्तू जोडीने देण्याची पद्धत होती. फ्ल्यूरिए गावच्या बोव्हे घराण्याने एकोणिसाव्या शतकात यावरच नाव कमावले. अशा जोडीतल्या एका घड्याळावरचा पुष्पगुच्छ डावीकडे झुकलेला, तर दुसऱ्यावरचा उजवीकडे, आरशात पाहावे तसा, आणि कडेने अर्धे चिरलेले बारीक मोती.

हे सारे इतके रेंगाळून लिहिण्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या आजीकडे तिच्या सासूचे एक छोटे स्विस घड्याळ होते, साखळीत अडकवून गळ्यात घालण्याचे, किल्लीचे. डबा सोन्याचा, पाठीवर गडद निळा मीना आणि त्यात हिऱ्याच्या कण्यांचे फूल. १९७८ साली आजी गेली. वाटणीच्या वेळी दोन बहिणींत एक घड्याळ कसे वाटायचे, यावर घरात तोडगा निघाला तो असा, की ते विकून पैसे वाटावेत. वडील बाहेरगावी होते. काका ते सराफ्यात घेऊन गेले आणि मी बरोबर होतो. दुकानदाराने कसोटीवर घासून पाहिले, सोने चौदा कॅरेटचे निघाले. मग त्याने झाकणाची बिजागरी तोडली, यंत्र उचलून बाजूला ठेवले आणि टोच्याने मीना खरवडायला सुरुवात केली, कारण मीन्याचे वजन सोन्यात धरता येत नाही. निळे कपचे वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पडत होते. हिऱ्याच्या कण्या त्याने बोटाने चाळवल्या आणि यांना मोल नाही म्हणून पुडीत बांधून दिल्या. वजन, घट, त्या दिवसाचा भाव: पाच मिनिटांत व्यवहार आटोपला. त्याने आम्हाला फसवले, असे मी म्हणत नाही. त्याच्या धंद्याच्या हिशेबाने त्याने दिले ते चोखच होते. यंत्र, तबकडी आणि आतले धुळीचे झाकण मात्र त्याने परत केले, कारण ते झाकण पितळेचे होते.

वडील परतल्यावर त्यांच्यापुढे ती पुडी ठेवली. त्यांनी आधी पितळी झाकण उचलले. त्यावर किल्लीसाठी दोन छिद्रे होती, एक चावी द्यायला आणि एक काटे फिरवायला, आणि भोवती गोलाकार फ्रेंच अक्षरे. आमच्या घरात फ्रेंच कुणाला येत नव्हते, पण त्या जातीच्या घड्याळांवरची ती ओळ वडिलांना पाठ होती: सिलिंडर जातीचे यंत्र, माणकांची आठ छिद्रे. मग त्यांनी खणातून बेताची किल्ली शोधून काढली आणि दोन फेरे दिले. यंत्र त्यांच्या तळहातावर चालू लागले. ते आज माझ्याजवळ फिल्मच्या प्लॅस्टिकच्या डबीत, कापसात आहे. त्याला डबा करून देईल असा कारागीर मी नागपुरात, मुंबईत विचारून पाहिला. एवढ्या जुन्या यंत्राच्या मापाचा डबा हाताने घडवायचा, तर खर्च त्या वेळी मिळालेल्या रकमेच्या कित्येक पट येतो.

आमचे घड्याळ काही राजघराण्यातले नव्हते. पण राजघराण्यातलेही याच वाटेने जायचे कसे थोडक्यात वाचले, ते पाहा. रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने १८८७ सालच्या ईस्टरला राणीला फाबेर्जे या जवाहिऱ्याकडून घडवलेले सोन्याचे अंडे भेट दिले. उंची जेमतेम आठ सेंटिमीटर, सिंहाच्या पंजांची तिवई, भोवती नीलम, आणि समोरचा हिरा दाबला की अंडे उघडून आत व्हाशराँ काँस्तांतँ या जिनिव्हाच्या पेढीचे छोटे घड्याळ. क्रांतीनंतर ते रशियाबाहेर गेले आणि हरवले. पुढे अमेरिकेत एका भंगार सोन्याच्या व्यापाऱ्याने ते सुमारे १४ हजार डॉलरला घेतले, वितळवून शे-पाचशे डॉलर सुटतील या हिशेबाने. त्याचा हिशेब चुकला. वितळवणारे तेवढा भाव देईनात, म्हणून अंडे त्याच्या घरीच पडून राहिले. एके दिवशी त्याने घड्याळावरचे नाव इंटरनेटवर शोधले, तेव्हा त्याला कळले की स्वयंपाकघरात आपण काय ठेवले आहे. २०१४ साली लंडनमध्ये ते लोकांना पाहायला मिळाले. सोने आणि खडे यांनी त्याला वाचवले नाही. उलट त्यांच्यामुळेच ते मुशीपर्यंत गेले होते. वाचवले ते घड्याळजीच्या नावाने.

नागपूरला ही गोष्ट परकी वाटू नये. तिसरे रघूजी भोसले १८५३च्या डिसेंबरात वारले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले आणि वाड्यातले हत्ती-घोडे सीताबर्डीला लिलावात निघाले, तर जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. दागिना कुणी घडवला, कुणाच्या गळ्यात होता, याची नोंद बोलीत होत नसते.

मोठ्या घड्याळांबद्दल लेखात अवघ्या दोन ओळी होत्या, म्हणून थोडे. लंडनचा जवाहिऱ्या जेम्स कॉक्स अठराव्या शतकात पूर्वेकडच्या बादशहांसाठी रत्नजडित, हलत्या-बोलत्या पुतळ्यांची घड्याळे पाठवी. त्याच्या नावाने ओळखले जाणारे मोराचे घड्याळ पोत्योम्किन या रशियन सरदाराने १७८१ साली राणी कॅथरीनसाठी घेतले. ते सुट्या भागांत रशियाला पोहोचले आणि तिथल्या इव्हान कुलिबिन या यंत्रकाराने ते जुळवून चालते केले. आज ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. घुबड मान फिरवते, मोर पिसारा उघडून मागे वळतो, कोंबडा आरवतो. आणि वेळ पाहायची तर ती झाडाखालच्या एका भूछत्राच्या टोपीत लपवलेली, ज्याच्यावर बसलेला चतुर सेकंद मोजतो. एवढ्या थाटामाटात घड्याळ म्हणून त्याची लाज राखली आहे ती त्या चतुराने. रशिया लांबची गोष्ट झाली. हैदराबाद तर आपल्याला एका रात्रीच्या प्रवासावर आहे. सालारजंग संग्रहालयातल्या कुक अँड केल्व्हीच्या संगीत घड्याळासमोर दर तासाला माणसे जमतात, दाढीवाला छोटा पुतळा बाहेर येऊन टोले देतो आणि आत जातो; तासभर थांबावे लागले तरी पोरे कुरकुरत नाहीत. नागपूरहून हैदराबादला गेलेला माणूस चारमिनारबरोबर या घड्याळाचीही बातमी आणतोच.

याच्या अगदी उलट प्रकृतीची आहेत पॅरिसच्या कार्तिए या जवाहिऱ्यांच्या पेढीची ‘रहस्य-घड्याळे’. पहिले १९१२ साली मोरिस क्वे या कारागिराने केले. मूळ कल्पना रोबेअर-उदँ या फ्रेंच जादूगाराची. स्फटिकाच्या आरपार दिसणाऱ्या तबकडीत काटे अधांतरी फिरतात, मागे यंत्र नाही, आस नाही. खरे तर प्रत्येक काटा काचेच्या एकेका चकतीवर चिकटवलेला असतो, चकतीच्या कडेला दाते असतात, ते चौकटीत दडलेले, आणि यंत्र खाली बैठकीत. म्हणजे फिरतो तो काटा नव्हे, अख्खी काच. हिरे, पोवळे हे सगळे त्या चौकटीवर येते आणि त्याचे खरे काम असते दाते झाकण्याचे. रत्नाने यंत्राची इतकी समंजस सोबत केलेली मला दुसरीकडे दिसली नाही. मनगटी घड्याळात तिच्या जवळ जाणारे एकच उदाहरण देतो. जेगर-लकूल्त्र कंपनीने १९२९ साली सुमारे एक ग्रॅम वजनाचे यंत्र केले, १४ मिलिमीटर लांब आणि पाच मिलिमीटरही रुंद नाही असे, केवळ बायकांच्या कंकणात हिऱ्यांना जागा सुटावी म्हणून. १९५३ साली राज्याभिषेकाला इंग्लंडच्या राणीच्या मनगटावर हेच यंत्र होते.

राहता राहिली किंमत. लेखात अग्रभागी असलेले, ११० कॅरेटच्या रंगीत हिऱ्यांचे ग्राफ कंपनीचे घड्याळ २०१४ साली ५.५ कोटी डॉलर किंमत सांगून प्रदर्शनात मांडले गेले, हे खरे. हिरे विलक्षण आहेत. पण वेळ दाखवणारी तबकडी त्या गर्दीत शोधावी लागते, आणि त्या किमतीतून हिऱ्यांची किंमत वजा केली तर घड्याळाच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न लेखकाला पडायला हवा होता. त्याच्या शेजारी दुसरे ठेवा: जिनिव्हात नोव्हेंबर २०१९मध्ये एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिपचे एक मनगटी घड्याळ ३.१ कोटी स्विस फ्रँकला गेले. तोवर लिलावात कोणत्याही घड्याळाला एवढी रक्कम मिळाली नव्हती. त्याचा डबा स्टीलचा. बाहेर एकही खडा नाही. आत १,३६६ भाग आणि १०८ ज्वेल. जपमाळेइतके मणी, आणि तेही पूर्वी सांगितले तसे, कारखान्यातले. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ साली ब्रेगे या पॅरिसच्या घड्याळजीकडे मागणी नोंदवलेल्या घड्याळाचीही गत तीच: पैशाची मर्यादा नाही, वेळेची मर्यादा नाही, शक्य तिथे सोने वापरा, असा हुकूम होता. ब्रेगेने नीलम वापरले ते आसांच्या टोकांशी, झिजेच्या जागी. आणि तबकडी केली स्फटिकाची, म्हणजे यंत्र दिसावे. राणी १७९३ साली गिलोटिनवर गेली, ब्रेगे १८२३ साली वारला आणि घड्याळ पुरे झाले १८२७ साली. १९८३ साली ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि २००७ साली परत मिळाले. चोराने ते वितळवले नाही, एवढी समज त्याला होती.

माझी विनंती दोन भागांत आहे. ज्या वाचकांच्या घरी आजी-पणजीचे सोन्याचे घड्याळ, बंद पडलेले का असेना, लॉकरमध्ये आहे, त्यांनी ते मोडीत देण्याआधी मागचे झाकण एखाद्या जुन्या घड्याळजीकडून उघडून घ्यावे, आतल्या झाकणावरचे आणि यंत्रावरचे नाव उतरवून घ्यावे, मीन्याला टोचा लागू देऊ नये, आणि डबा व यंत्र एकमेकांपासून वेगळे होऊ देऊ नयेत. इतवारीतल्या सराफ मंडळींनीही गिऱ्हाइकाला एवढे सुचवले तर त्यांचे काही बिघडणार नाही. आणि आपण पुढच्या रविवारच्या अंकात, त्याच पानावर, पुढील दुरुस्ती छापावी: ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे यंत्रातील झीज रोखण्यासाठी बसवलेले सतरा कृत्रिम माणकांचे खडे होत, रत्न म्हणून त्यांना बाजारभाव नाही, आणि ते काढून घेतल्यास घड्याळ चालत नाही.

कळावे,

आपला नम्र,
एक जुना वाचक
महाल, नागपूर